फिलिपिन्समधील हायस्कूलचे दैनंदिन जीवन: नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी मार्गदर्शन

ऑर्तिगासमधील आशियाई विकास बँकेत, माकातीतील एखाद्या कंपनीत किंवा बोनिफासियो ग्लोबल सिटीतील माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी घेऊन जी मराठी कुटुंबे मेट्रो मनिलात येतात, त्यांच्यापुढे घरापाठोपाठ उभा राहणारा प्रश्न मुलांच्या शाळेचा असतो. आंतरराष्ट्रीय शाळांचे शुल्क प्रत्येकाला झेपतेच असे नाही. शिवाय ज्या घरात आई फिलिपिनो आणि वडील मराठी आहेत, तेथे मुलांनी आईच्या देशातील शाळेत शिकावे असे घरच्यांना मनापासून वाटते. स्थानिक अभ्यासक्रमाच्या हायस्कुलात पाल्याला दाखल करू पाहणाऱ्या अशा पालकांसाठी, आणि त्या पाल्यासाठीही, हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. महाराष्ट्रात वर्षभर वर्गात शांत बसून शेवटी पेपर उत्तम लिहिणारा विद्यार्थी हुशार म्हणून ओळखला जातो. फिलिपिन्समध्ये तोच विद्यार्थी मागे पडू शकतो, कारण तेथे गुणांचा मोठा भाग रोजच्या तासाला, गटात काम करून आणि सर्वांसमोर उभे राहून मिळवायचा असतो. पुढील पायऱ्या वाचताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा.

पहिली पायरी: इयत्तांची रचना आणि शालेय वर्ष समजून घ्या

पूर्वी फिलिपिन्समध्ये सहा वर्षे प्राथमिक आणि चार वर्षे हायस्कूल असे दहाच वर्षांचे शालेय शिक्षण होते. २०१३ साली संमत झालेल्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक १०५३३ ने त्यात दोन वर्षांची भर घातली. आता बालवाडीनंतर सहावीपर्यंत प्राथमिक, सातवी ते दहावी ज्युनियर हायस्कूल आणि अकरावी-बारावी सीनियर हायस्कूल अशी रचना आहे. अकरावीची पहिली तुकडी २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये ती बारावी होऊन बाहेर पडली. आपल्याकडे अकरावीला ‘कॉलेज’ म्हणतात आणि हजेरीबाबत बरीच मोकळीकही असते, तसे तेथे नाही. अकरावीचा विद्यार्थी शाळेचाच विद्यार्थी असतो आणि त्याला वर्गशिक्षक, ओळखपत्र, ध्वजवंदन व हजेरी यांपैकी काहीही सुटत नाही.

दहावीच्या शेवटी तेथे बोर्डाची परीक्षा नसते. दहावी पूर्ण करणाऱ्यांसाठी ‘मूव्हिंग अप’ नावाचा समारंभ होतो आणि पदवीदान समारंभाचा मान बारावीला मिळतो. बोर्डाचे दडपण नाही, याचा अर्थ अभ्यासाचे दडपण नाही असा घेऊ नये, कारण ते वर्षभर थोडे थोडे वाटून आलेले असते.

शालेय वर्ष परंपरेने जून ते मार्च असे चालत आले होते. कोविडच्या काळात ते पुढे सरकले आणि २०२५ पासून पुन्हा जूनमध्ये सुरू होऊ लागले. जूनचा पाऊस आणि शाळेची सुरुवात ही सांगड मराठी मुलांना ओळखीची असल्याने स्थलांतराचे वेळापत्रक जुळवणे तुलनेने सोपे जाते. मात्र ‘मातातग’ हा नवा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत असल्यामुळे शेजाऱ्यांच्या मोठ्या मुलाची जुनी पुस्तके मिळाली तरी ती चालतीलच असे गृहीत धरू नये.

दुसरी पायरी: कागदपत्रे भारतातून निघण्यापूर्वी तयार ठेवा

शाळा सोडल्याचा दाखला, मागील किमान दोन वर्षांच्या गुणपत्रिका, जन्मदाखला आणि वर्तणुकीचा दाखला ही चार कागदपत्रे मूळ प्रतींसह हाताशी असावीत. दाखला मराठीत असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. त्या कागदपत्रांवर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणन, करून घेतलेले उत्तम, कारण भारत अपॉस्टिल करारात आहेच आणि फिलिपिन्सही मे २०१९ पासून त्यात आहे. फिलिपिन्समध्ये पोहोचल्यावर हेच काम दुरून करून घेताना नातेवाइकांची धावपळ होते आणि त्यात महिना सहज निघून जातो.

परदेशी नागरिक असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत दोन प्रश्न शाळेच्या रजिस्ट्रारला, म्हणजे प्रवेश व नोंदी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, सर्वप्रथम विचारावेत. पहिला, परदेशी विद्यार्थी घेण्याची इमिग्रेशन ब्युरोची मान्यता या शाळेकडे आहे का? दुसरा, अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी असलेला विशेष अभ्यास परवाना आमच्या व्हिसाच्या प्रकाराला लागू होतो का? मान्यता नसलेल्या शाळेत भरलेले शुल्क आणि गेलेला वेळ परत मिळवणे अवघड असते, म्हणून ही चौकशी शुल्क भरण्याआधीच करावी.

प्रवेश निश्चित झाल्यावर विद्यार्थ्याला बारा अंकी ‘लर्नर रेफरन्स नंबर’ मिळतो. शाळा बदलली तरी तो बदलत नाही. तो पासपोर्टच्या प्रतीसोबत घरी लिहून ठेवावा, कारण पुढे प्रत्येक अर्जावर तो मागितला जातो.

तिसरी पायरी: वर्ग म्हणजे काय, हे ओळखा

तुकड्यांना आपल्याकडे ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतात. तेथे प्रत्येक तुकडीला, ज्याला सर्वजण ‘सेक्शन’ म्हणतात, स्वतंत्र नाव असते. एखाद्या शाळेत ती फुलांची नावे असतात, दुसरीत रत्नांची, तर कोठे राष्ट्रीय वीरांची किंवा शास्त्रज्ञांची. विद्यार्थी वर्षभर त्या नावाने ओळखला जातो, क्रीडास्पर्धेत त्या नावाने ओरडतो आणि वर्षे उलटल्यावर भेटलेल्या जुन्या मित्राची ओळखही त्याच नावाने सांगतो. या तुकडीची जबाबदारी ‘अॅडव्हायजर’ म्हणजे वर्गशिक्षकाकडे असते. काही अडचण आली, तर मुख्याध्यापकांकडे थेट न जाता आधी यांना भेटावे, हा तेथील शिष्टाचार आहे.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला उभे राहून स्वतःची ओळख करून द्यावी लागते आणि त्यानंतर वर्गाची निवडणूक होते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, लेखापरीक्षक, प्रसिद्धीची जबाबदारी पाहणारा ‘पी.आय.ओ.’ आणि शिस्त सांभाळणारा ‘पीस ऑफिसर’ अशी ही संपूर्ण कार्यकारिणी असते. अनेक वर्गांत समारंभात वर्गाचे प्रतिनिधित्व करण्यासाठी ‘म्यूज’ आणि ‘एस्कॉर्ट’ म्हणून एक मुलगी व एक मुलगाही निवडला जातो. खजिनदार दर आठवड्याला प्रत्येकाकडून काही पेसो गोळा करतो आणि त्यातून पडदे, झाडू, फरशीचे मेण किंवा पंख्याची दुरुस्ती असे खर्च भागतात. नव्या विद्यार्थ्याला एखादे लहानसे पद देऊ केले, तर संकोचाने नाकारू नये, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. पद असले की नाव लवकर माहीत होते, आणि नाव माहीत झालेल्या मुलाला गटकार्यात कोणी मागे सोडत नाही.

स्वच्छतेची पाळी हा तेथील शालेय जीवनाचा अविभाज्य भाग आहे. सोमवार ते शुक्रवार प्रत्येक वाराला ‘क्लीनर्स’चा एक गट ठरलेला असतो आणि शाळा सुटल्यावर तो गट थांबून वर्ग झाडतो, फळा पुसतो व खुर्च्या रचतो. अंगणासाठी माडाच्या हिरांचा खराटा असतो, त्याला ‘वालिस तिंगतिंग’ म्हणतात, आणि वर्गात मऊ गवताची केरसुणी, म्हणजे ‘वालिस तांबो’, वापरतात. ज्या जुन्या शाळांतून मेण लावलेली फरशी आहे, तेथे नारळाचे अर्धे सोडण पायाखाली घेऊन ती घासून चकचकीत करण्याची पद्धत आहे. कोकणातल्या घरात वाढलेल्या मुलाला यातली निम्मी साधने परकी वाटणार नाहीत. पाळी चुकवणाऱ्याचे नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले जाते, आणि तो गरीब घरातला असो वा श्रीमंत घरातला, त्याला सूट मिळत नाही. घरी मुलांना केर काढण्याची सवय नसेल, तर ती तेथे जाण्यापूर्वीच लावावी.

चौथी पायरी: सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस

मेट्रो मनिलातील सरकारी शाळांत विद्यार्थिसंख्या मोठी असल्याने अनेक ठिकाणी दोन पाळ्या चालतात. सकाळची पाळी सहाच्या सुमारास सुरू होऊ शकते, म्हणजे चार-साडेचारला उठणे आले. खासगी शाळा साधारणपणे सात-साडेसातला भरून दुपारी चारच्या आसपास सुटतात. फाटकावरील पहारेकरी ओळखपत्र गळ्यात आहे का ते पाहतो आणि नसेल तर नाव लिहून घेतो किंवा आत सोडत नाही. सरकारी शाळांत गणवेश सक्तीचा नसला तरी प्रत्यक्षात बहुतेक मुले तो घालतात. शारीरिक शिक्षणाच्या दिवशी वेगळा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट लागते, आणि मुलांच्या केसांच्या लांबीबाबत बऱ्याच शाळा काटेकोर असतात.

सोमवारी सकाळी ध्वजवंदन होते आणि शुक्रवारी दुपारी ध्वज उतरवण्याचा कार्यक्रम असतो. काही शाळांत ध्वजवंदन रोजच होते. १९९८ च्या ध्वजविषयक कायद्यानुसार ‘लुपांग हिनिरांग’ हे राष्ट्रगीत फिलिपिनो भाषेतच गायले जाते आणि ते गाताना उजवा तळहात छातीवर ठेवतात. त्यानंतर ‘पानातांग माकाबायान’ ही देशभक्तीची प्रतिज्ञा म्हटली जाते. परदेशी विद्यार्थ्याने प्रतिज्ञा म्हणण्याची अपेक्षा नसली, तरी ताठ आणि शांत उभे राहणे ही किमान सभ्यता आहे. शब्द आणि चाल पाठ करून घेतली, तर शिक्षकांना त्याचे विशेष कौतुक वाटते.

शिक्षक वर्गात आले की सर्व विद्यार्थी उभे राहून एका सुरात अभिवादन करतात आणि ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसत नाहीत. शिक्षकांना फक्त ‘सर’ किंवा ‘मॅम’ म्हणून भागत नाही. फिलिपिनोत बोलताना वाक्यात ‘पो’ हा आदराचा शब्द घालावा लागतो आणि ‘हो’ म्हणताना ‘ओपो’ म्हणावे लागते. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना ‘अहो-जाहो’ न करणारा मुलगा जसा उद्धट वाटतो, तसाच ‘पो’ गाळणारा मुलगा तेथे वाटतो, म्हणून भाषेचा पहिला धडा येथूनच सुरू करावा. वरच्या वर्गातील मुलांना ‘कूया’ म्हणजे दादा आणि मुलींना ‘आते’ म्हणजे ताई म्हणण्याची रीत आहे. पहारेकरी, कँटीनमधील मावशी किंवा जीपनी या स्थानिक प्रवासी गाडीचा चालक यांनाही याच नात्याने हाक मारतात. मित्राच्या घरी गेल्यावर आजी-आजोबांचा हात हातात घेऊन स्वतःच्या कपाळाला टेकवावा आणि ‘मानो पो’ म्हणावे. वाकून नमस्कार करणाऱ्या आपल्या मुलांना हे शिकायला वेळ लागत नाही.

शिकवण्याची भाषा विषयानुसार बदलते. गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे विषय इंग्रजीत असतात. फिलिपिनो हा भाषाविषय, ‘आरालिंग पानलिपुनान’ म्हणजे सामाजिक शास्त्रे आणि मूल्यशिक्षण हे फिलिपिनोत शिकवले जातात. नवागत विद्यार्थ्याची खरी कसोटी येथे लागते, कारण इंग्रजीत पारंगत असलेले मूलही इतिहासाच्या तासाला बावरते. वाङ्मयाचा भार तर विशेष आहे. परंपरेने सातवीत ‘इबोंग आदार्ना’ हे कथाकाव्य, आठवीत फ्रान्सिस्को बालाग्तास यांचे ‘फ्लोरान्ते आत लाउरा’ हे काव्य, नववीत राष्ट्रीय वीर होसे रिसाल यांची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी आणि दहावीत त्यांचीच ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ ही कादंबरी अभ्यासली जाते. रिसाल यांचे जीवन आणि लेखन शिकवणे १९५६ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना बंधनकारक आहे. रिसाल यांच्या कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरे सहज मिळतात. मुलाने ती सुट्टीतच वाचून ठेवली, तर वर्गातील फिलिपिनो चर्चा निम्म्याने सोपी होते, आणि देश समजण्यासाठी पालकांनीही ती वाचावीत असे मी सुचवेन. सेबू किंवा दावाओसारख्या ठिकाणी मधल्या सुट्टीतील बोली सेबुआनो असते, म्हणजे तेथे कानांना आणखी एका भाषेची सवय करावी लागते.

आता एका बारीकशा गोष्टीकडे येतो, जी कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. तासाच्या मध्येच शिक्षक म्हणतात, “एक-चतुर्थांश कागद काढा.” वर्गात एकदम खळबळ उडते, कारण छोट्या चाचण्यांसाठी ठरावीक आकाराचे सुटे रेघी कागद लागतात आणि त्यांचे पॅड तेथील दुकानांत चतुर्थांश, अर्धे आडवे, अर्धे उभे आणि पूर्ण अशा मापांत मिळतात. पाच प्रश्नांसाठी चतुर्थांश, दहा-वीस प्रश्नांसाठी अर्धा आणि निबंधासाठी पूर्ण कागद, असा साधारण हिशेब असतो. वहीचे पान फाडून दिले तर चालत नाही. ज्याच्याकडे नवे पॅड असते, त्याच्याभोवती दहा हात पसरतात, “कागद दे ना” असा गलका होतो आणि तास संपेपर्यंत पॅड निम्मे झालेले असते. मागणाऱ्याला नाही म्हणणे तेथे कंजूषपणाचे मानले जाते, तेव्हा दप्तरात एक पॅड वाटण्यासाठी आणि एक स्वतःसाठी ठेवणे शहाणपणाचे. शाळा सुरू होण्यापूर्वीच्या खरेदीत चारही मापांचे पॅड, लांब बाँडपेपर, प्लॅस्टिकचे फोल्डर आणि तक्ते लिहिण्यासाठी ‘मनिला पेपर’ नावाचा मोठा पिवळसर कागद व जाड मार्कर यांचा समावेश करावा.

पाचवी पायरी: गुण कसे मिळतात ते नीट समजून घ्या

शिक्षण विभागाने, ज्याला सर्वत्र ‘डेपएड’ म्हणतात, २०१५ च्या आदेशाने ठरवलेल्या पद्धतीत प्रत्येक विषयाचे गुण तीन भागांत विभागले जातात. लेखी काम हा पहिला भाग, ‘परफॉर्मन्स टास्क’ म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवण्याचे काम हा दुसरा, आणि सत्राच्या शेवटची परीक्षा हा तिसरा. भाषा, सामाजिक शास्त्रे आणि मूल्यशिक्षणात लेखी कामाला ३०, प्रत्यक्ष कामाला ५० आणि परीक्षेला २० टक्के वजन असते. गणित व विज्ञानात ते अनुक्रमे ४०, ४० आणि २० असते. संगीत, कला, शारीरिक शिक्षण व आरोग्य यांच्या एकत्रित विषयात आणि तंत्र व उपजीविका शिक्षणात प्रत्यक्ष कामाचा वाटा थेट ६० टक्के असतो. खासगी शाळांत थोडेफार फरक असू शकतात, परंतु गाभा हाच असतो.

या आकड्यांचा अर्थ पालकांनी थांबून समजून घ्यावा. ज्या परीक्षेसाठी आपण मुलाला रात्रभर जागवतो, ती केवळ एक-पंचमांश गुणांची आहे. उरलेले गुण नाट्यप्रवेश, वादविवाद, गटाने बनवलेली चित्रफीत, प्रयोगाचा अहवाल, नृत्य, भित्तिपत्रक आणि वर्गासमोरील ‘रिपोर्टिंग’ यांतून येतात. ‘रिपोर्टिंग’मध्ये धड्याचा एक भाग विद्यार्थ्यांच्या गटाने स्वतः अभ्यासून वर्गाला शिकवायचा असतो. शनिवारी एखाद्याच्या घरी जमून नृत्याचा सराव करणारी मुले पाहून पालकांना वेळ वाया जातो असे वाटण्याचा संभव आहे, पण ती मुले त्या वेळी अभ्यासच करत असतात, आणि त्यांना अडवू नये.

गुणपत्रकावरील आकडा हा कच्च्या टक्केवारीचा नसतो, हेही ध्यानात घ्यावे. या पद्धतीत कच्चे ६० टक्के गुण पत्रकावर ७५ होऊन येतात आणि ७५ ही उत्तीर्णतेची मर्यादा आहे. पत्रकात ८२ दिसले, तर प्रत्यक्षात ते ७१-७२ टक्क्यांच्या आसपासचे काम असते. सरासरी ९० ते ९४ असणाऱ्यांना ‘विथ ऑनर्स’, ९५ ते ९७ असणाऱ्यांना ‘विथ हाय ऑनर्स’ आणि ९८ व त्यापुढील विद्यार्थ्यांना ‘विथ हायेस्ट ऑनर्स’ असा गौरव मिळतो. पहिला-दुसरा क्रमांक काढण्याऐवजी मर्यादा ओलांडणाऱ्या सर्वांना सन्मान देण्याची ही रीत मला अधिक न्याय्य वाटते. एक-दोन विषयांत ७५ च्या खाली राहिल्यास उपचारात्मक वर्गाला बसावे लागते. तीन किंवा अधिक विषयांत तसे झाल्यास ती इयत्ता पुन्हा करावी लागते. शाळेच्या एकूण दिवसांपैकी २० टक्क्यांहून अधिक गैरहजेरी झाल्यास अनुत्तीर्ण ठरवले जाण्याची शक्यता असते. गणपतीसाठी किंवा दिवाळीसाठी तीन आठवडे गावी जाण्याचा बेत असेल, तर हा हिशेब आधी मांडावा आणि वर्गशिक्षकांना लेखी कळवावे.

अकरावीत शिरणाऱ्यांना शाखा निवडावी लागते. २०१६ पासूनच्या रचनेत शैक्षणिक प्रवाहात विज्ञान-तंत्रज्ञान, लेखा व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि सर्वसाधारण अशा शाखा, तसेच तांत्रिक-व्यावसायिक, क्रीडा आणि कला हे वेगळे प्रवाह होते. २०२५-२६ पासून निवडक शाळांत शैक्षणिक आणि तांत्रिक-व्यावसायिक असे दोनच प्रवाह ठेवून विषयांची निवड अधिक मोकळी करणाऱ्या रचनेची चाचणी सुरू झाली. त्यामुळे निवडलेल्या शाळेत यांपैकी कोणती रचना चालू आहे, हे प्रवेशापूर्वी विचारावे.

सहावी पायरी: डबा, कँटीन आणि शाकाहार

‘बाओन’ हा शब्द मुलांच्या तोंडी सतत असतो आणि त्यात घरून आणलेला डबा व हातखर्चाचे पैसे हे दोन्ही येते. दुपारी बहुतेकांच्या डब्यात भात आणि एक ‘उलाम’, म्हणजे सोबतचा मांसाचा किंवा माशाचा पदार्थ असतो. मुले डबे एकत्र उघडून वाटून खातात. शाकाहारी घरातील मुलांची अडचण येथे होते, कारण वरकरणी भाजी दिसणाऱ्या पदार्थातही ‘पातिस’ म्हणजे माशाचे पाणी किंवा ‘बागोओंग’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची चटणी असू शकते. ‘पिनाकबेत’ ही वांगी, भेंडी, कारले, भोपळा घातलेली सुंदर भाजी असूनही सहसा बागोओंगशिवाय होत नाही, आणि मुगाच्या आमटीसारख्या ‘मोंगो’तही डुकराचे मांस किंवा सुके मासे पडतात. “मांस नको” एवढे सांगून पुरत नाही, मासळीचे नावही घ्यावे लागते. मधल्या सुट्टीत ‘बनाना क्यू’ म्हणजे साखरेत घोळून तळलेली केळी, किंवा केळ्यासोबत कधी फणसाची फोड घालून तळलेला ‘तुरोन’ हे पदार्थ निर्धास्त खाता येतात. डब्यात पोळी-भाजी किंवा थालीपीठ दिले, तर चार घास जास्त द्यावेत, कारण पहिल्याच आठवड्यात त्याला मागणी येते. शिक्षण विभागाच्या नियमांमुळे शाळेच्या कँटीनमध्ये शीतपेये आणि चिप्ससारखे पदार्थ विकता येत नाहीत. फाटकाबाहेरच्या गाड्यांवर मात्र सर्व काही मिळते.

सातवी पायरी: ये-जा आणि वादळाचे दिवस

मोठ्या रस्त्यावर जीपनी आणि गल्लीबोळांत ट्रायसिकल, म्हणजे बाजूला प्रवाशांची बैठक जोडलेली मोटारसायकल, ही सर्वसाधारण विद्यार्थ्याची वाहने आहेत. जीपनीत मागून चढावे, लांब बाकावर बसावे आणि “बायाद पो” म्हणत पैसे शेजाऱ्याच्या हाती द्यावेत. ते हातोहात चालकापर्यंत पोहोचतात आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. कोठे उतरायचे ते आले की “पारा पो” असे मोठ्याने म्हणावे. मध्ये बसलेल्याने पैसे पुढे सरकवणे हे त्याचे कर्तव्य समजले जाते, म्हणून कानांत इयरफोन घालून बसू नये. २०१९ च्या कायदा क्रमांक ११३१४ नुसार विद्यार्थ्यांना प्रवासभाड्यात २० टक्के सवलत आहे. हा कायदा फिलिपिनो विद्यार्थ्यांसाठी असल्याने परदेशी नागरिक असलेल्या मुलाने सवलत गृहीत न धरता शाळेत विचारून घ्यावे.

जून ते नोव्हेंबर या काळात वादळे येतात. ‘पगासा’ ही हवामानसंस्था एक ते पाच क्रमांकांचे इशारे देते. सामान्यतः दुसऱ्या क्रमांकाच्या इशाऱ्याला दहावीपर्यंतचे आणि तिसऱ्या क्रमांकापासून अकरावी-बारावीसह सर्व वर्ग आपोआप बंद होतात. त्याखेरीज मुसळधार पाऊस, पूर किंवा उन्हाळ्यातील असह्य उष्मा असेल, तर शहराचे महापौर सुट्टी जाहीर करू शकतात. “वालांग पासोक”, म्हणजे आज शाळा नाही, ही घोषणा पहाटे फोनवर पाहण्याची सवय प्रत्येक घराला असते. महापौर शहरागणिक वेगळे असल्याने घर एका शहरात आणि शाळा दुसऱ्या शहरात असेल, तर शाळा ज्या शहरात आहे तेथील घोषणा पाहावी. वर्ग बंद असले तरी घरी करायचे काम वर्गाच्या मेसेंजर गटात येऊन पडते. सर्व सूचना, गटांची यादी आणि उद्या आणायचे साहित्य या गटातच कळत असल्यामुळे पाल्याला त्यात समाविष्ट करून घेणे हे प्रवेशाइतकेच तातडीचे काम समजावे. भूकंपाचा सराव वर्षातून अनेकदा होतो. खाली वाकणे, बाकाखाली डोके झाकणे आणि बाकाचा पाय धरून राहणे हे मुलांनी गांभीर्याने शिकावे, कारण हा देश भूकंपप्रवण पट्ट्यात आहे.

आठवी पायरी: वर्षभरातील कार्यक्रमांची तयारी

ऑगस्ट हा राष्ट्रभाषेचा महिना असतो. त्यात ‘साबायांग पागबिगकास’ म्हणजे समूहकाव्यवाचनाच्या स्पर्धा होतात, ज्यांत चाळीस-पन्नास मुले एका आवाजात, हालचालींसह कविता म्हणतात. उच्चार शिकण्याची याहून चांगली संधी नवागताला मिळणार नाही, म्हणून त्यात भाग घ्यावाच. ५ ऑक्टोबरला शिक्षकदिन असतो, आणि २४ ऑक्टोबरच्या संयुक्त राष्ट्रदिनाला मुले देशोदेशीचे पोशाख घालून येतात. त्या दिवशी आपल्या मुलीला नऊवारी नेसवून पाठवण्याची संधी दवडू नये, मात्र हुक-बटणांची शिवलेली नऊवारी घ्यावी, कारण संचलन उन्हात लांबते. त्यानंतर क्रीडास्पर्धा येतात आणि डिसेंबरमध्ये नाताळची मेजवानी होते, जिच्यात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी देतात. भेटीची किंमत आधीच ठरवलेली असते, ती ओलांडू नये. फेब्रुवारीच्या सुमारास वरच्या वर्गांचा ‘प्रॉम’ म्हणजे औपचारिक पोशाखातील स्नेहसंमेलन असते. पालकांना त्याची धास्ती वाटू शकते, परंतु तो शिक्षकांच्या देखरेखीखाली होणारा कार्यक्रम आहे. कॅथलिक शाळांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी प्रार्थना असते. अन्य धर्माच्या विद्यार्थ्याकडून तेथे कोणती अपेक्षा आहे, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घेतले तर नंतर अवघडलेपण येत नाही.

त्रास देणे, चिडवणे किंवा रंगावरून बोलणे असे काही घडल्यास ते सोसू नये. २०१३ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला छळविरोधी धोरण ठेवणे बंधनकारक केले आहे. तक्रार वर्गशिक्षक किंवा ‘गाइडन्स ऑफिस’कडे लेखी द्यावी आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

नववी पायरी: वर्षअखेर आणि परतीची कागदपत्रे

वर्ष संपताना विद्यार्थ्याला ‘क्लिअरन्स’ घ्यावा लागतो. म्हणजे ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि प्रत्येक विषयशिक्षक यांच्याकडून काही देणे बाकी नसल्याची सही मिळवावी लागते. तो पूर्ण झाल्याशिवाय गुणपत्रक हाती येत नाही. पुढे महाराष्ट्रात परतायचे असेल, तर गुणपत्रकाखेरीज ‘फॉर्म १३७’ ही विद्यार्थ्याची कायमस्वरूपी नोंदही लागते. ती विद्यार्थ्याच्या हाती न देता एका शाळेकडून दुसरीकडे पाठवण्याची प्रथा आहे. त्यामुळे परदेशी जाण्यासाठी प्रत हवी असल्याचे स्पष्ट लिहून अर्ज करावा. त्या कागदपत्रांची आधी शिक्षण विभागाकडून पडताळणी होते आणि मग तेथील परराष्ट्र विभाग त्यांवर अपॉस्टिल करतो. या दोन टप्प्यांना काही आठवडे धरावेत. तेथील दहावीला बोर्डाचे प्रमाणपत्र नसल्यामुळे दहावीनंतर महाराष्ट्रात अकरावीला प्रवेश घ्यायचा असेल, तर समकक्षतेबाबत महाराष्ट्रातील मंडळाकडे मुलाच्या नववीच्या वर्षातच लेखी विचारणा करावी आणि उत्तराची प्रत शाळेच्या रजिस्ट्रारलाही द्यावी, म्हणजे दाखल्यावर विषय व तासिका यांची नोंद मंडळाला हवी तशी करून मिळते.